बोट

विर्त्सूच्या धक्क्यावर तिकिटाचं यंत्र उभं आहे,
त्याच्या आतलं सगळं मी तपासते. हातानं.
तेरा वर्षं झाली.
त्याआधी तिथेच, खिडकीमागे बसून तिकिटं फाडायचे:
गाडी किती लांब, कुत्रा आहे का, परत कधी.
तेच प्रश्न आता पडद्यावर
आणि उत्तरं देणारीही मीच,
कधी पाच पोरांची आई,
कधी ट्रॅक्टर घेऊन मुहू बेटावर निघालेला म्हातारा.

सोमवारी उर्वेनं कागद समोर ठेवला. दोन रकाने.
'यंत्राकडे', 'हाताकडे'.
एकशे ऐंशी तपासण्या, हेल्वे. तूच वाटून दे.
बर्फ वितळायच्या आत.

सीम सव्वीस वर्षांचा. मोज्याला भोक, स्वभाव लोण्याचा.
त्याची स्क्रिप्ट रात्री दोनला उठते,
मला आठवडा लागतो ते अकरा मिनिटांत उरकते.
तिची पाठ दुखत नाही.
शुक्रवारी दुपारी
'हे मागच्या वेळी चाललं होतं' म्हणत
ती पुढे सरकत नाही.
मी सरकते. सरकलेली आहे.

आणि तिनंच पकडलं:
एकोणतीस फेब्रुवारीला गेलेल्या सायकलीला
यंत्र परतीचं भाडं लावतच नव्हतं.
तीन लीप वर्षं माझ्या नाकाखालून गेली.
सीम काही बोलला नाही,
बिस्किटांचा पुडा तेवढा माझ्याकडे सरकवला.
तेच जास्त लागलं.

मग मी भराभरा लिहीत सुटले:
भाडी, सवलती, तारखा, ट्रकची लांबी,
शंभर, एकशे चाळीस, सगळं यंत्राकडे.
शितावरून भाताची परीक्षा म्हणत
मी एकेक शीत चेपत बसले इतकी वर्षं,
आणि हा पोरगा रोज रात्री
अख्खं पातेलं उपसून मोजतो.

गुरुवारी धक्क्यावर गेले. उणे चौदा.
रांगेत लेइडा. ऑक्टोबरपर्यंत
तिकीट नवरा काढायचा, ती गाडीत बसून राहायची.
तिनं हातमोजा दातांनी ओढून काढला.
बेट निवडलं. प्रवासी: एक.
पडद्यावर आलं,
'फक्त एकच?'
हो. नाही.

चुकून एक दाबणाऱ्यांसाठी
कुणीतरी कधीतरी घातलेला प्रश्न.
शुद्धलेखन बरोबर, बटण जागच्या जागी.
स्क्रिप्ट रोज 'हो' म्हणून पुढे जाते.
खरं सांगायचं तर मीही जायचे,
ऑफिसच्या उबेत, घरी वाट बघणारं माणूस असलेली मी,
तीन हजार वेळा तरी.

बोट सुटायला सहा मिनिटं.
लेइडाचं बोट हवेत.
मागच्या ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला.
चाळीस सेकंदांनी पडदा आपोआप विझला,
ठरल्याप्रमाणे. तीही तपासणी पास.

मी पुढे झाले, पुन्हा सगळं दाबलं,
त्या प्रश्नावर तळहात ठेवला.
'या थंडीत यंत्रंसुद्धा गोठतात,' ती म्हणाली
आणि तिकीट घेऊन चालू लागली.

संध्याकाळी सीमला विचारलं,
थांबलेलं बोट तुझ्या स्क्रिप्टला कळेल?
किती सेकंद ते कळेल, म्हणाला.
मग तोच जरा वेळ थांबला.

कागद दिला उर्वेला:
यंत्राकडे एकशे एकाहत्तर. हाताकडे नऊ,
आणि खाली, रकान्यांच्या बाहेर, पेन्सिलीनं:
महिन्यातून एकदा धक्का. थंडीत. हातमोजे घालून.
एवढंच? तिनं विचारलं.
एक ओळ काढायची आहे, म्हटलं.
त्याच दिवशी काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सीमच्या पडद्यावर
एकशे सत्तर हिरव्या रेघा, एक लाल.
रात्री दोन वाजून अकरा मिनिटांची नोंद:
अपेक्षित वाक्य सापडलं नाही.
'फक्त एकच?'