बेणं

रात्री पावणेबाराला यंत्रानं हात वर केले :
जागा शिल्लक नाही.
पाचशे जीबीच्या पोटात उरले साडेतीनशे एमबी,
म्हणजे ओंजळभर.

सकाळी नऊला मार्केट यार्डात सौदा.
अडत्यांच्या फोनवर हळदीचे नवे आकडे पोचायचे
तर आजच बिल्ड निघायला हवं.
विश्रामबागेतल्या दहा बाय बाराच्या खोलीत
मी, टेबलफॅन
आणि पोट फुगलेला लॅपटॉप.

शोधलं तर फोटो निर्दोष निघाले.
जागा खात होती ती लपलेली फोल्डरं,
नावाआधी टिंब लावून बसलेली.
पाच वर्षांच्या जुळणीचा गाळ :
एकाच ॲपचे तीनशे अर्धवट अवतार,
कुणीच न मागितलेल्या आवृत्त्या,
मेलेल्या फोनांच्या मापाचे अंगरखे.
एकेचाळीस जीबी.

पेव फुटलं म्हणतो आपण, सहज.
हरिपूरला खरी पेवं होती, जमिनीच्या पोटात,
वर पाचट, शेण, माती,
आत वर्षानुवर्षं हळद, कीड न लागता.
बाबालाल मुलाणी सांगायचे,
तोंड उघडलं की लगेच उतरायचं नाही, पोरी.
आधी कंदील सोडायचा.
विझला, तर आतली हवा माणसाची नाही.

मी कंदील सोडला नाही.
आज्ञा दोन अक्षरांची,
तिच्या मागे आणखी दोन,
'खरंच का?' असं विचारू नकोस म्हणणारी.
एंटर.
एकेचाळीस जीबी जाताना आवाज होत नाही.
लॅपटॉपची घरघर तेवढी थांबली.
आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं,
डोक्यावरून न्हायल्यासारखं.
कॅशच ती. सगळं पुन्हा बनतं.
मूळ कोड आहे, कृती आहे,
बाकी लागेल ते नेटवरून उतरेल.

उतरलं. दीड तास उतरत राहिलं.
सव्वादोनला एक ओळ लाल झाली :
वजनकाट्याशी बोलणारी ती एवढीशी लायब्ररी
सापडत नाही.
कुणा परक्या माणसानं लिहिलेली, फुकट दिलेली,
आणि कधीतरी, न सांगता, काढून घेतलेली.
दुकान बंद. पाटीसुद्धा नाही.
माझ्याकडे तिची एक प्रत होती,
दोन तासांपूर्वीपर्यंत.

श्रेणिक मगदूमला फोन लावला.
हे ॲप आम्ही दोघांनी सुरू केलेलं.
तो आता श्टुटगार्टला, त्याच्याकडे अजून कालच चालू होता.
तीन वर्षांचं न बोलणं,
त्याच्या हिशेबातले माझ्याकडून राहिलेले पैसे,
सगळं कुठल्याशा फोल्डरात जसंच्या तसं.
तो हसला नाही.
म्हणाला, "माझा जुना डबा मिरजेत आहे, आईकडे,
कपाटाच्या वरच्या फळीवर.
मी कधी काही पुसत नाही, तुला माहितीय."
माहीत होतं. त्यावरूनच तर भांडायचो.

साडेपाचला स्कूटी काढली.
काकूंनी दार उघडलं. "ये की आत.
परवाच भंगारवाला दोनशे देतो म्हणाला होता,
म्हटलं असू दे, काय खातंय का पितंय?"
डबा चालू व्हायला अकरा मिनिटं लागली.
तेवढ्यात चहा झाला,
आणि श्रेणिक नीट जेवतो का, हे मला विचारून झालं.
जेवतो म्हटलं. मला काय ठाऊक.

दोनशे बारा केबी.
एकेचाळीस जीबीत बेणं तेवढंच होतं.
हळद लावणारं शेंबडं पोरही सांगेल,
कढई चुलीवर चढण्याआधी बेणं बाजूला काढायचं.
शिजलेलं उगवत नाही.

नऊला आकडे पोचले.
राजापुरीचा भाव कुणाला पटला, कुणाला नाही,
एकानं अक्षर बारीक दिसतंय म्हणून शिवी घातली.
दुपारी श्रेणिकचा मेसेज :
काटा बोलला का?

बोलला, मी लिहिलं.