खोली नंबर अकरा

थोरल्या दवाखान्यात बावीस वर्षं
मी एकच वाक्य म्हणत आलोय:
श्वास घ्या. धरा. सोडा.
माणसं ऐकतात. घेतात, धरतात,
आणि मी भिंतीआडून बटण दाबून
त्यांच्या आतलं काळं-पांढरं
खाकी पाकिटात घालून देतो.
पाकिटावर नाव, वय, गाव.
धंदा लिहायला रकाना नाही.

दस्तगीर मुल्लाणी तिसऱ्यांदा आला
तेव्हा त्याला धरताच येईना श्वास.
वय एकोणचाळीस, मुक्काम नागाव.
टीबीच्या गोळ्या दोनदा पुऱ्या करून झालेल्या,
थुंकीत दोन्ही वेळा काही सापडलं नव्हतं.
फिल्म उजेडाला धरली.
दोन्ही बाजूंना, वरच्या अंगाला
चाळणीतून वाळू पडल्यासारखी.
"काम काय करता?"
"शिरोलीत, फौंड्रीत. फेटलिंगला हाय.
धूळ उडती, पर फडकं बांधतो की वो."

हुक्केरी मॅडमनी केसपेपरवर
गोळ्या लिहिल्या, पंप लिहिला,
पेन थोडं थांबलं,
मग खाली लिहिलं:
खोली नंबर अकरा. एकदाच. आजच, घरी जायच्या आधी.

अकरात पूर्वी मोडकी स्ट्रेचर असायची.
आता मंगळवारी आणि शुक्रवारी
विधी सेवेच्या चौगुले वकीलबाई बसतात.
एक टेबल, दोन खुर्च्या, फायलींच्या नाड्या.
फी नाही.
पहिल्या महिन्यात लोक तिथं जाऊन
रक्त द्यायला बाही वर करायचे.

दस्तगीर उंबऱ्यातूनच म्हणाला,
"बाई, म्या काय केल्यालं न्हाई."
वकील दिसला की आमच्याकडं माणूस
आधी स्वतःलाच आरोपी धरतो.
बाईंनी त्याला पाणी दिलं आणि विचारलं,
पगार हातात की बँकेत?
हजेरीला नाव तुमचं की ठेकेदाराचं?
विम्याचा नंबर?
दर प्रश्नाला तो खोकला.
खोकलासुद्धा त्यांनी लिहून घेतला असावा.

कंपनीचं उत्तर महिन्यानं आलं:
या नावाचा इसम आमच्याकडे कधीही कामास नव्हता.

बाई माझ्याकडं आल्या. जुन्या फिल्म हव्या होत्या.
रेकॉर्डच्या खोलीत दोन दुपारी गेल्या,
कोळिष्टकं, उंदरांच्या लेंड्या,
पुराच्या ओलीनं फुगलेल्या कडा.
त्याचं पहिलं पाकीट सापडलं,
आठ वर्षांमागचं, छाती अजून स्वच्छ.
आणि त्याला टाचणीनं टोचलेली चिठ्ठी:
'आमचे कामगार दस्तगीर यांचा छातीचा फोटो काढून द्यावा.'
खाली मॅनेजरची सही. निळा गोल शिक्का.
टाचणी गंजली होती,
शिक्का नव्हता.

कामगार न्यायालयात मला बोलावलं.
समोरचे वकील म्हणाले, "आपण डॉक्टर आहात?"
"नाही."
"मग फिल्ममधलं आपल्याला काय कळतं?"
मी म्हटलं, तारीख कळते, नाव कळतं.
याहून चांगलं उत्तर
परतताना केएमटीत दसरा चौकाजवळ सुचलं.
तोवर साक्ष संपली होती.

पुढची तारीख दिवाळीनंतरची.
दस्तगीर आता जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसतो,
बायको, हसीना, फाईल छातीशी धरून उभी असते
आणि त्याचा दम परत यायची वाट बघते.
मॅडम अकराकडं, अकरा माझ्याकडं,
मी पुन्हा मॅडमकडं,
कागद फिरतायत.
तो किती फिरेल, माहीत नाही.

रकाना अजून छापून आलेला नाही.
मी कानाला पेन्सिल लावतो,
पाकिटाच्या कोपऱ्यात लिहितो:
चांदीचा कारखाना, हुपरी. माग, इचलकरंजी.
दगडाची खाण. घरकाम, चार घरं.
काल एका म्हाताऱ्याला विचारलं,
काम काय करता, कुठं, किती वर्षं, मालक कोण?
तो शर्ट काढता काढता चिडला,
"फोटो काढायचाय का सोयरीक जुळवायचीय?"

दोन्ही, म्हटलं.
श्वास घ्या.