कर्ता

मंगळवारी संध्याकाळी ग्रिम्स्बीत
मासळीच्या कारखान्याची दिवसपाळी सुटते
आणि चर्चच्या मागच्या खोलीत माझा वर्ग भरतो.
सहा खुर्च्या, एक कुरकुरता हीटर,
फळ्याच्या कोपऱ्यात रविवारच्या प्रार्थनांचे आकडे.
ते मी पुसत नाही.

एकोणीस वर्षं शीतगृहात पावत्या तपासल्या.
हॅडॉकच्या पेट्या किती, कॉडच्या किती,
बेरीज चुकली की लाल शाई.
आता वाक्यं तपासते. शाई तीच.

रिम्विदस सुतार आहे. त्याचं वाक्य
पहाटे निघतं आणि दिवेलागणीपर्यंत टेकत नाही:
मी उठलो, पाऊस होता, बस गेली, साहेब ओरडला, डबा घरी राहिला,
स्वल्पविरामामागे स्वल्पविराम.
म्हटलं, दोन पुरी वाक्यं
एवढ्याशा चिन्हावर टांगून राहत नाहीत.
त्यानं वही लांब धरली, एक डोळा मिटला.
"कळलं. सांधा हवा होता तिथं
मी नुसती चूक ठोकली."

हेमिन लिहितो,
कारखान्याकडे चालत जाताना, बर्फ पडू लागला.
म्हटलं, या भाषेत असं लिहिलंस
तर बर्फच कामावर निघतो,
कार्ड पंच करतो, हातमोजे घालतो.
हेमिन खांदे उडवतो.
"पहाटे पाचला त्या रस्त्यावर
आम्ही दोघंच असतो."

आणि मग लेतेब्रहान.
वही नव्हे, कौन्सिलला लिहिलेलं पत्र,
चार घड्या घातलेलं, हाताला माशांचा वास.

ओल आहे. भिंत काळी. तीनदा सांगितलं.
म्हणाले येतो. आले नाहीत. रात्रभर खोकते.

मला सगळं समजलं,
तरी शाई काढली.
कुणी सांगितलं? कुणाला?
येतो कोण म्हणालं? खोकते कोण?
ती गोंधळली. म्हणाली, आमच्याकडे
माणूस क्रियापदाच्या पोटातच असतो,
वेगळा दाखवावा लागत नाही.
आमच्याकडेही, रिम्विदस म्हणाला.

इथं लागतो, म्हटलं.
इथं त्याला दारात उभा करायचा, नावानिशी,
नाहीतर ते लिहितील
भिंत आपोआप काळी झाली.
फळ्यावर लिहिलं: कर्ता. खाली दोन रेघा.

रेघा मारताना हात जरा थांबला.
कारण शीतगृहात, त्या ऑगस्टमध्ये,
'तापमान राखलं गेलं नाही'
हे मीच लिहिलं होतं.
चाळीस टन माल, दोन पोरांची नोकरी,
आणि व्याकरण निर्दोष.
कुठंही लाल शाई लागली नाही.
कुणी राखलं नाही, ते मला माहीत होतं.
त्याचं केबिन माझ्या टेबलासमोर होतं.

वर्गाला हे सांगितलं नाही.
हीटरची कळ फिरवली.

लेतेब्रहान पुन्हा लिहीत होती.
मी तीनदा सांगितलं.
मिस्टर बर्कीट म्हणाले, मी येतो.
मिस्टर बर्कीट आले नाहीत.
माझी मुलगी सेनाइत रात्रभर खोकते.

फक्त तिचा 'आय' बारका, वाकलेला,
टिंबाखाली दबलेला.
म्हटलं, इंग्रजीत 'मी' नेहमी उभा असतो,
ओळीच्या मध्येसुद्धा.
मग ती पहिल्या ओळीपासून परत निघाली
आणि एकेक उभा करत गेली,
कुंपणाचे खांब रोवावेत तसा.
रिम्विदसनं वाकून पाहिलं.
"ओळंब्यात आहेत."

शेवटी एकच राहिलं होतं: डिड नॉट केम.
भूतकाळ दोनदा झालाय, म्हटलं,
एका वाक्यात एकदाच पुरतो.

तिनं खोडलं नाही लगेच.
"पण ते तीनदा आले नाहीत," म्हणाली.