मधला वेग

उद्यमनगरातून मांडीवर घेऊन आणली ही मोटर,
रिक्षात, लेकरासारखी.
तीन फेजची, जुनीच, बंद पडलेल्या एका मिरची कांडपाची.
रियाज शिकलगारनं वाइंडिंग नवं भरलंय,
तरी झाकण उघडलं की अजून शिंक येते.

आण्णा उंबऱ्यात उभे.
"चाललंय ते मोडायची खाज हाय तुला."

चाललंय म्हणजे
बिडाचा बेड, त्यांच्या सासऱ्याच्या वेळचा,
चार पायऱ्यांची पुली,
आणि चामड्याच्या पट्ट्याच्या सांध्यावरची क्लिप,
पट्टा फिरून आला की पुलीवर टक् करणारी.
त्या टक्-टक्‌वर आमचं घर जेवलं.
लाटणी, रव्या, पाळण्याचे गज,
गंगावेशीतल्या तालमीच्या करेली.

वेग चारच.
करेलीला दुसऱ्यावर पटाशी अडखळायची,
तिसऱ्यावर अख्खं मशीन जागचं उठायचं.
मग आण्णा पट्टा जरा ढिला सोडून
घसरत्या चामड्यावर मधला कुठलासा वेग
चोरून आणायचे.
डाव्या अंगठ्याचं पेर त्यातच गेलं.
त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत,
फक्त तंबाखू मळताना मला दिसायचं.

रियाजनं भिंतीवर ड्राइव्ह ठोकला, जेवणाच्या डब्याएवढा.
वर पत्र्याचं झाकण. "भुसा आत गेला
तर माझ्याकडं येऊ नगंस."
अर्थिंग दोनदा तपासलं. मग एक काळा नॉब,
बोटाच्या दोन चिमटीत मावणारा,
मशीनच्या अंगाला बसवला आणि गेला चहाला.

बाभळीचा ठोकळा सेंटरांत धरला होता मी.
नॉब पाव फिरवला.
आण्णा म्हणाले, "कर की सुरू."
"सुरूच आहे."

ते पुढे आले. कान आधी, मग तळहात.
हेडस्टॉकवर हात ठेवून उभे राहिले,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.
टक् नाही. काहीच नाही.
मी वेग वाढवला: दुसरा मागे पडला, तिसरा यायच्या आधी
ती जागा आली, पेर गेलं ती,
आणि मशीन हललंही नाही.
मी पटाशी त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी घेतली नाही.
नॉब उलटा फिरवायला लागले. कमी. अजून कमी.
इतका कमी की त्यावर काही कातता येणार नाही.

बेचाळीस वर्षांत त्यांनी लाकूड
एक तर थांबलेलं बघितलं होतं
नाहीतर धूर झालेलं.
आता ते सावकाश वळत होतं, सालीसकट.
एक काळी गाठ वर आली,
खाली गेली,
परत आली.
"ही हितं व्हती व्हय," आण्णा म्हणाले,
मला नाही, गाठीला.

दारात तालमीचं पोर सायकल टेकवून उभं,
"आण्णा, करेल झाली का?"
ते वळले नाहीत.
"फिरतीया," म्हणाले.