सहा आसनी, प्रमाण एकास अठरा

सुरुवातीची बोली किती ठेवायची
यावर भाचीनं आणि मी अख्खी संध्याकाळ घालवली.
ती म्हणाली, मामा, तास मोजा.
मोजले. दोनशे बारा.
त्यात बिघडलेलं पहिलं बॉनेट धरलं नाही,
चष्म्याचा नंबर वाढला तो धरला नाही.
भोसरीच्या टूलरूममधला माझा शेवटचा ओव्हरटाइम दर लावला
तर आकडा असा आला
की तेवढ्यात जुन्या बाजारात
खरीच गाडी मिळाली असती, चाकांसकट.

म्हणून नव्व्याण्णव रुपये ठेवले.
कमी ठेवलं की माणसं थांबतात, म्हणाली.
थांबतात आणि पुढे जातात, हे मी बोललो नाही.

वर्णन मीच लिहिलं:
पत्रा गोडेतेलाच्या डब्याचा.
टायर रक्तदाबाच्या यंत्राच्या नळीचे.
टप छत्रीच्या कापडाचा.
पुढचा दिवा म्हणजे हिच्या शालूची एक टिकली, विचारून घेतलेली.
समोरासमोर दोन बाकं, तीन-तीन माणसं,
आणि ड्रायव्हरला चिकटून आणखी दोन,
जी सहांत कधीच मोजली नाहीत.
कडेच्या बाईच्या मांडीवर मेथीची जुडी, लोकरीची.
हॉर्न वाजत नाही.

पाच दिवस कुणी फिरकलं नाही.
सहाव्या दिवशी हॅम्बुर्गहून एकानं विचारलं,
ही तीनचाकी तुमच्याकडे कशी?
त्याच्या वडिलांची बेकरी होती,
पाव अशाच गाडीतून जायचे.
मी लिहिलं, आमच्याकडे माणसं जायची.
हजारावर गेला तो.
मग हडपसरचा कुणी तुपे, अकराशे.
बाराशे. पंधराशे. सव्वादोन.
ही स्वयंपाकघरातून विचारते, काय चाललंय?
म्हटलं, भांडण. जर्मनी आणि हडपसर.
अकरा सेकंद उरली असताना
तुपे तीन हजार चारशे दहा.
हॅम्बुर्ग झोपलं असावं. किंवा शहाणं झालं.

ताशी सोळा रुपये पडले,
कमिशन कापायच्या आधी.

बोहरी आळीतून फुग्यांचं प्लास्टिक आणलं,
आरशांना कापूस गुंडाळला,
बाईला धक्का लागू नये म्हणून
तिच्याशेजारी थर्मोकोलचा एक तुकडा बसवला,
नववा प्रवासी.
गाडी तीनशे चाळीस ग्रॅम.
कुरियरवाल्यानं खोक्याला टेप लावली,
लांबी, रुंदी, उंची, भागिले पाच हजार,
आणि म्हणाला, तीन किलो.
बाकी काय आहे त्यात?
हवा, काका. हवेचेही पैसे असतात.

दत्तवाडीपासून तुप्यांचं घर अकरा किलोमीटर.
मी पीएमटीनं मांडीवर घेऊन गेलो असतो.
भाची म्हणाली, हातानं दिलीत तर पैसे अडकतील,
पोचल्याची नोंद लागते.

म्हणून नोंद बघत बसलो.
पहिला दिवस: पुण्यातून निघाली.
दुसरा: भिवंडी.
तिसरा: भिवंडी.
जी गाडी आयुष्यात कधी
खडकीच्या पलीकडे गेली नसती
ती भिवंडीच्या गोदामात रात्रभर उभी,
आठ माणसं आणि मेथी घेऊन.
चौथा दिवस: पुण्यात आली.
पाचवा: ग्राहक घरी नव्हते.
सहावा: पोचली.

संध्याकाळी तुप्यांचा निरोप आला.
डावा आरसा निखळलाय. दुसरा पाठवू नका,
माझ्या गाडीलाही डावा नव्हताच.
एकोणीस वर्षं चालवली, स्वारगेट-हडपसर.
टपाचा रंग चुकलाय, आमचा जरा मळका असायचा.
आणि ते मेथीवाल्या बाईला
कुठं उतरायचंय?

मी बराच वेळ विचार केला.
दोनशे बारा तासांत हे सुचलं नव्हतं.
लिहिलं: वैदुवाडी.

लगेच उत्तर आलं.
मग पाच रुपये.
सुटे काढून ठेवा म्हणावं.