यातली तू कोणती

आधारवर सुगंधाबाई. रेशनकार्डावर सुगनाबाई.
शाळेच्या दाखल्यावर नुसतीच सुगन,
जन्म एक जुलै,
जसा तिच्या वर्गातल्या सगळ्यांचाच,
गुरुजींच्या एका बैठकीत झालेला.
"यातली तू कोणती?" मी विचारलं.
"ज्याले जशी लागन तशी," म्हणाली
आणि पदरानं माझ्या कीबोर्डवरची धूळ पुसली.

पोरगी मस्कतला, तिला आठवा लागलेला.
तिकडं ती दवाखान्यात नर्स,
दिवसभर दुसऱ्यांच्या बाळंतिणी सांभाळते,
तिच्या कमरेला हात लावायला कुणी नाही.
मी 'तात्काळ' समोरच्या चौकोनात टिचकी मारली.
दोन हजार जास्तीचे.
तिनं दहा-दहाच्या नोटांत मोजले.
माझ्या गल्ल्याला दोन दिवस तेंदूचा वास होता.

ही तीन नावांची एकच बाई आहे
हे नोटरीला शपथेवर लिहावं लागलं.
तहसीलच्या वऱ्हांड्यात, तिच्याकडं न बघता,
त्यानं लिहिलं: ओळखतो.

फोटोला मागं पांढरं लागतं.
कोसऱ्याच्या दोन पोरांनी चादर धरली,
वाऱ्यानं ती फुगली,
"हसू नको" म्हटलं तर बाई आणखीच हसली.
नवव्या वेळी जमलं.

पहाटे पाचची लाखांदूर-नागपूर.
पवनी, भिवापूर, उमरेड,
फाइल मांडीवर,
गाडी लागणारं लेकरू धरावं तशी धरलेली.

ए काउंटर. बोटं मशीनवर ठेवली.
मशीन म्हणालं, नाही.
पुसून ठेवली.
नाही.
तीस वर्षं विड्या वळता वळता
एकेक रेघ पानात गुंडाळली गेली होती,
आणि कुठल्या कुठल्या गावच्या पारावर
कुण्या कुण्या माणसांनी
तिची बोटं ओढून धूर केली होती.

काउंटरवरच्या पोरीनं ओला रुमाल दिला.
मागची रांग चुळबुळली.
शेवटी डाव्या करंगळीशेजारचं उमटलं.
"या बोटाले मी कामच नाही देल्लं कधी,"
सुगंधाबाई शरमून म्हणाली,
आळशी पोराबद्दल बोलावं तशी.

तिसऱ्या दिवशी मेसेज: पाठवला.
पाचव्या दिवशी पोस्टमन.
हवालदार त्याच्याही नंतर आला, पाणी प्यायला, बसला.
"काही गुन्हा वगैरे?"
तिनं खरंच आठवून पाहिलं.
"एक डाव ठेकेदाराले शिवी देल्ली होती जी."
"मोठी?"
"मायवरून."
त्यानं निरंक लिहिलं.

संध्याकाळी पासपोर्ट घेऊन आली,
बोटाला थुंकी लावून पानं उलटली.
"हे एवढे कोरे कायले?"
"शिक्के मारतात. जाताना एक, येताना एक."
"येतानाबी?"
"हव."
"आपल्याच घरी याले?"

प्रिंटरमध्ये कागद अडकला होता,
मी तो ओढत बसलो.
ती उभीच होती.
बाहेर धानाच्या बोनसवाले थांबलेले,
पहिल्याचा सातबारा श्रावणच्या नावानं,
पासबुक सावनच्या.