सातानंतर दहा

उद्यमनगरच्या चौथ्या गल्लीत
बाबालाल मिस्त्रींच्या उजव्या हाताला तीनच बोटं.
करंगळी आणि तिच्या शेजारची
एकोणऐंशी साली प्रेसच्या डायखाली राहिली.
कुणी विचारलंच तर म्हणायचे,
"आठ आन् नऊ व्हती ती. गेली."

तेव्हापासून त्यांच्या मोजणीत आठ नाही, नऊ नाही.
सातानंतर दहा, म्हणजे हात भरले.
सत्त्याहत्तरानंतर थेट शंभर.
ट्रेमध्ये आठ बुश, क्रेटमध्ये आठ ट्रे,
आणि शनिवारी पत्र्याच्या दारावर
खडूनं एकच आकडा.

त्या शनिवारी होता ५२७.
दिवाणजी आवटींनी तसाच वहीत उतरवला.
सोमवारी माल भरला तीनशे त्रेचाळीस.
एकशे चौऱ्याऐंशी बुश गेले कुठं?
चोरी हा शब्द कुणीच काढला नाही.
फक्त कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याचं नाव निघालं
आणि लेथ आपोआप थांबल्या.

मिस्त्री तापले नाहीत. कापसानं हात पुसले.
"पाच क्रेट भरलेली. दोन ट्रे. सात सुटी. घाला बेरीज."
आवटी ओठांतल्या ओठांत: तीनशे वीस,
त्यात सोळा,
त्यात सात.
मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"आता आमा सात जणांत वाटा.
मांडायचं न्हाई काय. पाच, दोन, सात, नुसतं मिळवा."
मिळवले. आमचे चौदा, त्यांचे सोळा.
"एक आन् सहा?"
सात.
"मग बिनघोर सातानं भाग जातोय.
तुमच्यात नऊ जे काम करतोय
ते माझ्यात सात करतोय. जागा मोकळी पडली
म्हून काम थांबतंय व्हय?"
प्रत्येकी एकसष्ट, असं त्यांनी खडूनं लिहिलं.
आमच्या हिशेबी एकोणपन्नास.

मी आयटीआयचा पोरगा, दिवसभर कानस मारणारा.
त्या रात्री खोलीवर त्यांच्या आकड्यांत वर्ग करत बसलो.
तीनाचा अकरा. पाचाचा एकतीस. सातांचा तोच एकसष्ट.
पुढच्या विषमाचा एकशे एकवीस.
विषम आकडा स्वतःशी गुणला
की शेवटी एक उरतोच.
पहाटेपर्यंत एकही चुकला नाही, कारणही सापडलं नाही.

सकाळी मिस्त्रींना दाखवलं.
त्यांनी बाकावर सात रांगा लावल्या, सात-सातच्या.
मग भरल्या तीन बोटांनी कडेकडेनं सरकवत
तीन, दोन, एक अशा तिकोनी उतरंडी पाडल्या.
आठ उतरंडी झाल्या, सहा-सहाच्या.
मध्ये एक बुश.
फ्लँजच्या आठ बोल्टांमधल्या भोकासारखा
सगळ्यांच्या मध्ये आणि कुणाचाच नाही.
"ह्यो कुणाच्या वाट्याला येत न्हाई," म्हणाले,
आणि त्यालाच उचलून खिशात टाकला.
आवटींनी पाहिलं. वहीत नोंद केली नाही.

पुढं त्यांना चौसष्ट लागलं
त्या दिवशी दारावर खडूनं १०० होते.
"शंभरी गाठली की रं!"
आवटींनी खाली बारीक अक्षरात ६४ लिहिलं,
थोडा वेळ बघितलं,
आणि बाहीनं पुसून टाकलं.
मग गल्लीत तोंड काढून ओरडले,
"दहा चहा!"

टपरीवरचं पोरगं आठ ग्लास घेऊन आलं.
त्याला कुणी काही शिकवलं नव्हतं.